सार्वजनिक जमिनीची विक्री व परवडणारी घरे

शासन, स्थानिक स्वराज्य संस्था व शासकीय महामंडळे यांच्या ताब्यातील जमिनी विकून त्या पैशातून अल्प उत्पन्न गटांसाठी घरे उभारावीत, की त्या जमिनी सार्वजनिक मालकीत ठेवूनच गरजूंना निवाऱ्यासाठी द्याव्यात, हा स्वातंत्र्योत्तर काळातील गृहनिर्माण धोरणाचा एक मूलभूत वाद आहे. विक्रीचा पुरस्कार करणाऱ्यांच्या मते पडून असलेली जमीन हे निष्क्रिय भांडवल होय. तिचे मोल वसूल केल्यास करांचा बोजा न वाढवता घरे, रस्ते व पाणीपुरवठा यांसाठी निधी उभा राहतो. विरोधकांच्या मते जमीन ही पुन्हा निर्माण न होणारी संपत्ती आहे. ती एकदा विकली की पुढील पिढीतील बेघरांसाठी शासनाच्या हाती काहीच उरत नाही.

महाराष्ट्रात या वादाची परिभाषा मुख्यतः मुंबईत घडली. तेथे जमिनीची किंमत अवाढव्य असल्याने वादाचा सारा भर किमतीवर राहिला. मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशात मात्र हाच प्रश्न वेगळ्या रूपात आढळतो. तेथील सार्वजनिक जमिनीला तुलनेने अल्प किंमत येते. पण त्याच जमिनीवर भूमिहीनांची घरे कित्येक दशके उभी आहेत. त्यामुळे तेथे जमीन किती रुपयांना विकावी, यापेक्षा ती कोणाच्या नावे लिहावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. हा फरक समजण्यासाठी या प्रदेशातील जमिनीच्या इतिहासाचा विचार करणे आवश्यक आहे.

जमिनींचे प्रकार : महसुली दप्तरात सार्वजनिक जमिनीचे अनेक प्रकार आढळतात. गावाच्या वस्तीची जागा ती ‘गावठाण’. गुरांच्या मुक्त चराईसाठी राखलेली ती ‘गायरान’. लागवडीस अयोग्य वा सरकारी पड म्हणून नोंदलेल्या जमिनीस मराठवाड्यात ‘परमपोक’ म्हणतात. हा शब्द दक्षिणेकडील भाषांतून हैदराबाद संस्थानच्या दप्तरात आला. ज्या जमिनीवर कोणाचेही खाते उरलेले नाही, ती ‘खारीज खाता’ होय. यांखेरीज नगरपालिका, महानगरपालिका, पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम, रेल्वे, कृषी विद्यापीठ अशा संस्थांच्या जमिनी वेगळ्या आहेत. गायरानाची मालकी शासनाची असली, तरी त्याची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे असते आणि उपभोगाचा हक्क गावाचा मानला जातो. एकाच जमिनीवर अशा प्रकारे तीन पातळ्यांवरील हितसंबंध गुंतलेले असल्याने तिच्या विक्रीचा वा वाटपाचा कोणताही निर्णय निर्विवाद राहत नाही.

हैदराबाद संस्थानातील व्यवस्था : परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील सु. ६० टक्के क्षेत्र दिवाणी किंवा खालसा, सु. ३० टक्के जहागिरींचे व उरलेले सु. १० टक्के निजामाच्या खाजगी खर्चासाठी राखलेले ‘सर्फ-ए-खास’ होते. खालसा मुलखाचा महसुली कारभार हैदराबाद जमीन महसूल अधिनियम, १३१७ फसली (इ. स. १९०७-०८) या कायद्यानुसार चाले. त्याच सुमारास, म्हणजे १९०० च्या आसपास, हैदराबाद–गोदावरी खोरे लोहमार्ग पुरा होऊन परभणी व पूर्णा ही स्थानके उदयास आली आणि स्थानकालगत सरकारी व रेल्वेच्या जमिनींवर नवी वस्ती वाढू लागली.

पोलीस कारवाईनंतर १९४९ च्या प्रारंभी सर्फ-ए-खास मुलूख दिवाणीत विलीन झाला व त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द करण्यात आल्या. १९५० मध्ये हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला. संस्थानच्या अखेरच्या काळात व त्यानंतर ‘लावणी’ नियमांखाली सरकारी पड जमीन भूमिहीनांना देण्याची तरतूद होती. अशी जमीन विकता वा गहाण ठेवता येत नसे. सार्वजनिक जमीन विकाऊ वस्तू नसून गरजूला अटींवर दिलेला आधार आहे, ही कल्पना या प्रदेशाच्या महसुली परंपरेत अशा रीतीने आधीपासूनच रुजलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणून तत्पूर्वीच्या परभणीच्या इतिहासात आजच्या हिंगोलीचाही समावेश होतो.

भूमिहीनांची आंदोलने : जहागिरी गेल्या व कुळांना संरक्षण मिळाले, तरी ज्यांच्याकडे कूळ म्हणूनही जमीन नव्हती, त्या दलित व इतर भूमिहीन मजुरांच्या वाट्याला या सुधारणांतून फारसे काही आले नाही. त्यांची दृष्टी साहजिकच गायरान व परमपोक जमिनींकडे वळली. सरकारी पड जमीन भूमिहीनांना मिळावी, यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हयातीतच, १९५३ मध्ये, मराठवाड्यात सत्याग्रह झाला. पुढे दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९५९ मध्ये व पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचे सत्याग्रह केले. दुसऱ्या सत्याग्रहात देशभर लाखो लोकांनी अटक करवून घेतली.

या आंदोलनांची मागणी प्रामुख्याने कसण्याच्या जमिनीची होती. पण जमीन कसणारा कालांतराने तिच्याच कडेला झोपडी बांधून राहू लागे. मूळ गावठाणात दलितांची वस्ती अपुऱ्या जागेत कोंडलेली होती आणि कुटुंबे वाढली, तरी गावठाण वाढत नव्हते. १९७२ च्या भीषण दुष्काळाने या स्थितीत भर घातली. १९७८ च्या जुलैअखेर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून उसळलेल्या हिंसाचारात नांदेड, परभणी व अन्य जिल्ह्यांतील अनेक गावी दलितांची घरे जाळण्यात आली. गावठाणाबाहेरील सरकारी जमिनीवर घर बांधणे हा तेव्हा केवळ सोयीचा विषय राहिला नाही, तर तो सुरक्षिततेचा व सन्मानाचाही प्रश्न बनला.

शासनाने ही परिस्थिती दोन टप्प्यांत अंशतः मान्य केली. १९७८ मध्ये भूमिहीनांची शेतीसाठी झालेली अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय झाला आणि त्यानंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या अतिक्रमणांना ती सवलत देण्यात आली. १९९० च्या दशकात मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या नेतृत्वाखालील मानवी हक्क अभियानाने गायरानधारकांच्या नोंदींचा प्रश्न सातत्याने लावून धरला.

या सर्व निर्णयांची अंमलबजावणी पुराव्यावर अवलंबून होती. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणांची नोंद तलाठ्याकडील ‘गाव नमुना एक-ई’ या नोंदवहीत होते आणि अतिक्रमणधारकास दंड आकारला जातो. पुढे हक्क सांगताना हीच नोंद व दंडाची पावती उपयोगी पडे. अतिक्रमणाचा ठपका ठेवणारा कागद हाच ताब्याचा पुरावा ठरावा, हा विरोधाभास मराठवाड्यातील या प्रश्नाचे वैशिष्ट्य होय. ज्यांची नोंदच तलाठ्याने केली नाही, ते दंडातून सुटले खरे. पण हक्कातूनही वगळले गेले.

कायद्याची चौकट : महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ हा १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आला व मराठवाड्यातील जुना हैदराबाद कायदा त्यामुळे संपुष्टात आला. या अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे ज्या जमिनींवर इतर कोणाची मालकी नाही, त्या सर्व शासनाच्या ठरतात. कलम २२ अन्वये चराई, गावठाण, स्मशान अशा प्रयोजनांसाठी जमीन राखून ठेवता येते. अतिक्रमण दूर करण्याची तरतूद कलम ५० मध्ये, तर ते नियमानुकूल करण्याची तरतूद लगतच्याच कलम ५१ मध्ये आहे. शासनाने पुढील काळात कधी एका कलमाचा, तर कधी दुसऱ्याचा आश्रय घेतला.

शासकीय जमिनीच्या विल्हेवाटीसंबंधी १९७१ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. बांधकामाच्या भूखंडांची विल्हेवाट सामान्यतः जाहीर लिलावाने करावी, हे या नियमांचे सर्वसाधारण तत्त्व आहे. त्याला अपवाद म्हणून दुर्बल घटक, सहकारी गृहनिर्माण संस्था इत्यादींना लिलावाशिवाय, सवलतीच्या कब्जेहक्क किमतीने जमीन देता येते. अशी जमीन सामान्यतः ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून नोंदली जाते. तिच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते व वाढीव किमतीचा काही भाग नजराणा म्हणून शासनाकडे भरावा लागतो. विक्री व दान यांच्यामधला हा मार्ग असून लाभार्थ्यास घर मिळावे पण सट्टेबाजीस वाव राहू नये, असा त्याचा उद्देश आहे. मात्र सवलतीचा लाभ गरिबांपेक्षा सरकारी कर्मचारी व मध्यमवर्गीय यांच्या संस्थांनी अधिक घेतला, अशी टीका वारंवार झाली. मुंबईतील ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण २०१० मध्ये उजेडात आल्यावर या टीकेला धार आली.

मुंबईतील वाद : १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने गलिच्छ वस्त्या पाडून नवे भूखंड पट्ट्याने देण्याचे धोरण स्वीकारले. जमिनीच्या वाढत्या मूल्यातून नगरसुधारणेचा खर्च काढण्याचा हा राज्यातील आरंभीचा मोठा प्रयोग होय. परंतु पाडलेल्या घरांतील गरीब रहिवाशांना नव्या जागा क्वचितच परवडल्या. १९७० मध्ये स्थापन झालेल्या ‘सिडको’ या महामंडळाने नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या परिसरातील जमीन हाती घेतली व विकसित भूखंडांच्या विक्रीतून शहराच्या उभारणीचा खर्च भागवला. अल्प उत्पन्न गटांसाठी घरे बांधण्यात या निधीचा उपयोग झाला. तथापि ज्यांच्या शेतजमिनी गेल्या, त्या भूमिपुत्रांचा असंतोष वाढत जाऊन जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला. त्यानंतर, १९९० मध्ये, साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचे धोरण आले.

सर्वांत तीव्र वाद गिरण्यांच्या जमिनींविषयी झाला. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे बंद गिरण्यांची जमीन ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागली जाणार होती : एक मालकास, एक मोकळ्या सार्वजनिक जागेसाठी व एक ‘म्हाडा’मार्फत घरांसाठी. २००१ मधील दुरुस्तीने ही विभागणी केवळ मोकळ्या जागेपुरती मर्यादित झाली आणि घरे व उद्याने यांचा वाटा आक्रसला. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी सु. २,००० कोटी रुपयांना विकल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जनहितार्थ याचिकेवर दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी फिरविला. यात गिरणी कामगारांच्या घरांची मागणी अनेक वर्षे अपुरीच राहिली.

याच शहरात १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने तिसरा मार्ग आणला. सार्वजनिक जमिनीवरील झोपडीवासीयांना विकासकाने विनामूल्य घर द्यावे व त्याचा खर्च त्याच जमिनीवरील विक्रीयोग्य बांधकामातून भरून काढावा, असे तिचे सूत्र आहे. घरांची बाजारकिंमत बांधकामखर्चाच्या कितीतरी पट असेल, तेथेच हे सूत्र चालते.

अन्य देशांतील अनुभव : ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने नगरपरिषदांच्या घरांतील भाडेकरूंना ती सवलतीने विकत घेण्याचा हक्क मिळाला, त्याच दशकात दहा लाखांहून अधिक घरे विकली गेली. अनेक कुटुंबे घरमालक झाली. पण विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी सार्वजनिक घरे न झाल्याने प्रतीक्षायाद्यांचा प्रश्न पुढे बिकट झाला. याउलट सिंगापूरने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापून व १९६६ मध्ये भूसंपादनाचा कडक कायदा करून जमीन शासनाकडेच ठेवली आणि सदनिका ९९ वर्षांच्या पट्ट्याने विकल्या. विक्री घराची करावी, जमिनीची नव्हे, हे तत्त्व तेथे यशस्वी ठरले. मात्र त्यामागे शासनाकडील जमिनीच्या काटेकोर नोंदी व अखंड बांधकाम या दोन गोष्टी होत्या.

परभणीतील प्रश्नाचे स्वरूप : मुंबईच्या या सूत्रांपैकी एकही परभणी जिल्ह्यात जसेच्या तसे लागू पडत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात सु. दोन-तृतीयांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहत होते. जिंतूर, पालम वा सोनपेठ तालुक्यांतील खेड्याबाहेरील गायरान विकल्यास येणाऱ्या रकमेतून घरबांधणीचा कार्यक्रम उभा राहणे शक्य नाही. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी विभागातही जमीन हेच साधन मानून पुनर्विकास करण्याचा घटक होता; परंतु लहान शहरांत विकासकास त्यात पुरेसा नफा दिसत नाही. अशा शहरांत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास अनुदान देण्याचा घटकच मुख्य राहिला.

अनुदानाच्या मार्गातही जमिनीचाच अडसर आहे. भूमिहीन मजुरांना विनामूल्य घरजागा देण्याची केंद्रीय योजना १९७१ मध्ये सुरू झाली व पाचव्या पंचवार्षिक योजनेत तिचा किमान गरजा कार्यक्रमात समावेश झाला. त्या काळात अनेक गावी गावठाण विस्तार होऊन भूखंड वाटले गेले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेपासून मात्र भर जागेऐवजी घराच्या अनुदानावर आला. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील लाभार्थ्यास १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरले. त्यासाठी जागा लाभार्थ्याच्या नावे असावी लागते. ग्रामपंचायतीच्या ‘नमुना आठ’मधील उतारा वा तत्सम कागद दाखवावा लागतो. गायरानावर वीस-तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाकडे तो नसतो. परिणामी ज्याला घराची सर्वाधिक गरज, तोच यादीत नाव असूनही अनुदानाबाहेर राहतो, आणि त्याच गावात नावावर जागा असलेल्याचे घर पुरे होते.

ही त्रुटी भरून काढण्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना सुरू केली. तीनुसार बेघर लाभार्थ्यास ५०० चौ. फुटांपर्यंतची जागा विकत घेण्यासाठी आरंभी ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य देण्यात आले. गावालगत सरकारी जमीन असताना खाजगी जमीन विकत घेण्यासाठी शासनानेच पैसे द्यावेत, यातील विसंगती लक्षणीय आहे. तथापि सरकारी जमीन देण्याचा मार्ग त्या काळात न्यायालयीन निर्णयांमुळे अरुंद झालेला होता.

न्यायालयीन निर्णय : मुंबईच्या पदपथवासीयांसंबंधीच्या ऑल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, मात्र योग्य कार्यपद्धतीने अतिक्रमण हटविण्याचा प्राधिकाऱ्यांचा अधिकारही मान्य केला. २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील जगपालसिंग खटल्यात त्याच न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. खेड्यातील तळी, चराऊ राने बळकावणाऱ्या सबळांना रोखणे हा त्या निर्णयाचा गाभा होता. भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमाती यांना शासकीय अधिसूचनेने पट्टा मिळालेला असल्यास अपवादाची मुभाही त्यात होती. महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी गायरान व सार्वजनिक वापरातील जमिनी अन्य प्रयोजनांसाठी देण्यावर व त्यांवरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्यावर निर्बंध घातले. त्यानंतर अधिनियमात कलम २२-अ समाविष्ट होऊन गायरानाचा वापर बदलण्यावर कायदेशीर बंधनही आले.

‘सर्वांसाठी घरे’ या धोरणाखाली २०१८ मध्ये शासकीय जमिनींवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे निर्णय झाले. लहान क्षेत्रास मूल्यात सूट व मोठ्या क्षेत्रास बाजारमूल्याच्या प्रमाणात आकारणी, असे त्यांचे सामान्य स्वरूप होते. पण गायरानासारख्या प्रतिबंधित जमिनींवरील वस्ती या सवलतीच्या कक्षेबाहेर राहिली. मराठवाड्यातील भूमिहीनांची बरीच वस्ती नेमकी अशा जमिनींवरच आहे.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांवरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली. शासनाने सादर केलेल्या माहितीनुसार राज्यातील सु. ४ लाख ५२ हजार हेक्टर गायरानापैकी सु. १० हजार हेक्टरांवर, म्हणजे दोन टक्क्यांहून किंचित अधिक क्षेत्रावर, सु. २ लाख २२ हजार अतिक्रमणे होती. त्यानंतर गावोगावी नोटिसा बजावल्या जाऊन लाखो लोकांमध्ये घर जाण्याची भीती पसरली. सरासरीने पाहता प्रत्येक अतिक्रमणाखाली अर्ध्या हेक्टराहूनही कमी, सु. साडेचार गुंठे जमीन येते. सामाईक जमिनीचे रक्षण व दुर्बलांचा निवारा हे दोन्ही सार्वजनिक हेतू येथे परस्परांसमोर उभे ठाकतात. घर, शेती, व्यापारी गाळा व धनिकाचे कुंपण या सर्वांना ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द लावल्याने त्यांची उकल अधिक कठीण होते.

शहरांतील स्थिती : परभणी शहराची लोकसंख्या १९९१ मध्ये सु. १.९० लाख, २००१ मध्ये सु. २.५९ लाख व २०११ मध्ये सु. ३.०७ लाख होती. १ नोव्हेंबर २०११ रोजी तेथे महानगरपालिका अस्तित्वात आली. शहरालगत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा (आता वसंतराव नाईक मराठवाडा) कृषी विद्यापीठाची विस्तीर्ण प्रक्षेत्रे आहेत. अशा संस्थांच्या जमिनी दूरवर पडीक दिसल्या, तरी बियाणे व संशोधन यांसाठी त्यांची गरज असते. सर्व मोकळी सरकारी जमीन अतिरिक्तच असते असे नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

महानगरपालिकेच्या स्वतःच्या जमिनीसंबंधी महानगरपालिका अधिनियम, १९४९ चे कलम ७९ लागू होते. त्यानुसार स्थावर मालमत्तेचे हस्तांतरण सामान्यतः चालू बाजारमूल्याहून कमी मोबदल्यात करता येत नाही. सार्वजनिक मालमत्ता मर्जीतील व्यक्तींना कवडीमोलाने जाऊ नये, यासाठी हे बंधन आवश्यकच आहे. परंतु त्याच बंधनामुळे गरिबांस स्वस्त जागा देऊ इच्छिणाऱ्या संस्थेला शासनाच्या खास मंजुरीची वाट पाहावी लागते.

शहराच्या कडेला इनामी जमिनींचाही प्रश्न आहे. हैदराबाद काळातील ‘मदतमाश’ जमिनींची वर्ग २ असूनही परवानगीविना विक्री होऊन त्यांवर घरे उभी राहिली. मराठवाड्यातील अशा जमिनी नियमित करण्यासाठीचा नजराणा २०२४ मध्ये बराच कमी करण्यात आला. यामुळे कागदोपत्री खरेदी केलेल्या कुटुंबांना दिलासा मिळाला. पण मूल्य देऊन झालेला नियमभंग सवलतीस पात्र व निर्धनाचा नियमभंग अपात्र ठरतो, असा आक्षेपही त्यावर घेता येतो.

मूल्यमापन : उपर्युक्त इतिहासावरून काही निष्कर्ष निघतात. जमिनीच्या विक्रीतून घरे उभी राहण्यासाठी जमिनीस मोठी किंमत यावी लागते व विक्रीचे उत्पन्न घरांसाठीच वापरण्याचे बंधन असावे लागते. मुंबईत पहिली अट पुरी झाली, पण दुसरी अनेकदा ढिली पडली. परभणीसारख्या जिल्ह्यांत पहिलीच अट पुरी होत नाही. उलट, जमीन केवळ सरकारी नावावर राखून ठेवल्याने ती सार्वजनिक राहतेच असे नाही. वेळेवर गावठाण न वाढविल्यास गरजू तेथे अनधिकृतपणे वसतात आणि त्यांच्या आडून सबळही आपली हद्द वाढवितात. प्रत्येक नियमितीकरणाच्या निर्णयास एक अंतिम तारीख असते. तिच्यानंतर आलेल्यांसाठी पर्यायी जागा नसल्याने पुढच्या तारखेची मागणी अटळ होते. १९७८, १९९० व २०११ या तारखांचा क्रम हेच दर्शवितो.

तिसरा मार्ग या प्रदेशाच्या परंपरेतच आहे. जमिनीची खुली विक्री न करता, हस्तांतरणाच्या अटींसह, स्त्री व पुरुष दोघांच्या नावे लहान घरजागेचा पट्टा देणे व त्याची नोंद गावाच्या दप्तरात करणे, हा तो मार्ग होय. लावणी पट्टा आणि वर्ग २ चा भोगवटा यांत ही कल्पना आधीच होती. त्यातही धोका आहे : पट्टेदार अडचणीत सापडून जागा गुपचूप विकतो आणि काही वर्षांनी तीच जमीन सावकाराच्या वा व्यापाऱ्याच्या ताब्यात दिसते. म्हणून पट्ट्यासोबत कर्जाची सोय व नोंदींची नियतकालिक तपासणी आवश्यक ठरते. गायरानाचे क्षेत्र घटल्यास गुरे पाळणाऱ्या अल्पभूधारकाचेही नुकसान होते. त्यामुळे घरांसाठी घेतलेल्या जागेच्या बदल्यात अन्य पड जमीन चराईसाठी राखणे हेही न्याय्य होय.

२०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन रहिवाशांना मिळकत पत्रिका देण्यास प्रारंभ झाला. गावठाणातील घरांस तीमुळे प्रथमच स्पष्ट कागद मिळाला. गावठाणाबाहेरील वस्ती मात्र त्या नकाशाबाहेर राहिली. महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले असून शासकीय जमिनींची एकत्रित सूची करण्याचेही ठरविले आहे. अशा सूचीत गायरानावरील वस्ती रिकामी जमीन म्हणून नोंदली जाते की राहते घर म्हणून, यावर परभणी व लगतच्या जिल्ह्यांतील भूमिहीन कुटुंबांचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील.